रिकामी पाठ

बैलांनी ओढत आणलेली पिकप बोरी अरबच्या बाजारात शिरली तो नेमका आठवडी बाजाराचा दिवस होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी पेट्रोल संपलं असतं तर रस्त्यावरच्या चार गुराख्यांनी पाहिलं असतं आणि विसरून गेले असते. पण खेमसिंगाचं नशीबच असं, की पडायचं तर चारचौघांत आणि तेही शेणात.

पुढं त्याच्या चुलतभावाची बैलजोडी, जुवाला बांधलेला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला लढाईच्या वेळची लष्करी पिकप. आत चाक धरून खेमसिंग. बैलांच्या बाजूनं चालत त्याचा म्हातारा बाप धरमसिंग. या धरमसिंगाच्या बापाचा दीडशे बैलांचा तांडा मीठ-धान्य वाहत मुलूख पालथा घालत असे. आणि आज त्याच घराण्यातले दोन बैल घराण्यातलीच मोटार ओढत होते. मिरचीवाल्या बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"काय गा खेमसिंग," तेलाच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "इंजन इकून खाल्लं काय?"

खेमसिंगानं नजर बैलांवर ठेवून चाक धरलं.  ही पिकप त्यानं चार बैल आणि बायकोच्या अंगावरची चांदी देऊन घेतली होती. दिवाळीपासून होळीपर्यंत पुंडलिकराव पाटलांचा कापूस सरकी काढायला पुसदच्या जिनात नेऊन टाकायचा, आठवड्याला दोन खेपा, पेट्रोल पाटलाचं, असं ठरलं होतं. पाटील खेपेला दोन डबे पेट्रोल द्यायचे आणि डब्याला खेमसिंगाचा हात लागू द्यायचे नाहीत. स्वतः धोतर सावरून, नरसाळं लावून, चार माणसांदेखत ओतायचे. एका डब्यात चार गॅलन, दोन डब्यांत आठ. जाऊन-येऊन शंभरेक मैल. हिशोबानं पुरायला हवं होतं. पण या महिन्यात पिकप तिसऱ्यांदा दारव्ह्याच्या अलीकडं कोरडी पडली होती.

पाटील कापसाच्या ढिगाजवळ निंबाखाली उभे होते. अंगानं आडवा, तोंडानं तिखट माणूस. त्यांनी बैलांकडं पाहिलं, पिकपकडं पाहिलं, मग बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "दोन डबे कुठं गेले?"

"गाडी पेली, पाटील."

"गाडी पेली का गाडीवाला?"

लोक हसले. लोकांना काय, हसायला कारण पुरतं.

"माह्या हातानं ओतले ना मी? मंग पुसद काय हालून मागं सरकलं?" पाटलांना लोक जमले की चेव येत असे. "तांड्यातल्या मानसापाशी भरला डबा देनं अन् मांजरीपुढं दूध ठेवनं सारखंच. रस्त्यात कोन्या मोटारवाल्याले इकते अन् मले सांगते गाडी पेली."

खेमसिंग चाक सोडून खाली उतरला. तांड्यातलं माणूस म्हणजे चोर, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. पण त्याच्या घराण्याला तोंडावर असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या आज्यानं मिठाचा खडा कमी उतरवला नव्हता. त्यानं बापाकडं पाहिलं. धरमसिंग एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि बैलाशीच काहीतरी बोलत होता.

"सोमवारची खेप देतो," पाटील म्हणाले. "त्याच्या पुढल्या खेपेले आमचे साळे, हे नानाजी, तुह्यासंग येतीन. तवाही दोन डब्यांत वापस नाही आला, त दारव्ह्याचा लॉरीवाला तयार हाये. अन् चोर तो चोरच."

सबंध संध्याकाळ तांड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीवर, सल्ल्यांचा पाऊस पडला. ज्यांनी जन्मात मोटारीला हात लावला नव्हता त्यांना मोटारीतलं सगळं कळत होतं. एकानं सांगितलं, पेट्रोलमध्ये डांबराच्या गोळ्या टाक. दुसरा म्हणाला, थोडं घासलेट मिसळ, इंजनाला कळणारपण नाही. तिसऱ्यानं लिंबू-मिरची बांधायला सांगितलं, ती तर आधीपासून बांधलेलीच होती. खेमसिंगाची बायको रुपीबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "चांदी होती तवा निदान पायात तरी वाजत होती. हे त नुसतं पेऊनच राह्यलं."

खेमसिंगानं गोळ्या टाकल्या. घासलेट मिसळलं नाही, एवढी अक्कल त्याला होती.

सोमवारी पुसदच्या जिनात कापूस उतरवल्यावर त्यानं पिकप गफूर मिस्त्रीकडं नेली; बाप नेहमीसारखा सोबत होताच. गफूर मिस्त्री म्हणजे हाडाचा कारागीर आणि जिभेचा कडू. त्यानं बॉनेट उघडलं आणि आत नाक खुपसून बराच वेळ नुसता हुंगत राहिला.

"ये डांबर किसने डाला?"

"मीच."

"अक्कल किसने निकाली?"

मग दोन तास मिस्त्री कामाला लागला. चोकची तार गंजून अर्धी अडकलेली होती, ती मोकळी केली. प्लग काजळीनं काळे कुळकुळीत झाले होते, ते घासून दिले. हवेच्या जाळीतून निघालेला कापूस एखाद्या वातीला पुरला असता. चाकांत हवा भरायला घेतली तसा धरमसिंग पुढं आला. "लय टनक नको करू. गोट्यावर चालनारं जनावर हाये, पाय नरम पाह्यजे."

मिस्त्रीनं म्हाताऱ्याकडं पाहिलं, खेमसिंगाकडं पाहिलं. "हवा कोन कम करता था?"

"बा करत होता," खेमसिंग म्हणाला. "बैलाले नाल ठोकली का तो आठ दिस नरम मातीवर चालवत असे."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. काळं बोट कपाळावर उमटलं. "देखो भाई, इंजन अब ठीक है. आठ गॅलन में आरामसे जाके आना चाहिए. नहीं आयी तो चोरी तुम नहीं, गाडी करती है. माल कितना भरते हो?"

"जाताना कापूस, दाबून."

"और आते वखत?"

"खाली येतो. रिकामी."

"चलो, मैं दिग्रस तक चलता हूं. बहन के यहां जाना है. रस्ते में आवाज सुनूंगा."

पुसद सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. इंजनाचा सूर खरोखर बदलला होता. खेमसिंगाला बरं वाटलं. आठेक मैलांवर वडाखाली धरमसिंगानं हात वर केला. खेमसिंगानं गाडी थांबवली. इंजन धडधडत राहिलं. बापलेक उतरले, सावलीत बसले, चिलीम पेटवली.

मिस्त्री आत बसून वाट पाहत राहिला. चिलीम बापाकडून लेकाकडं गेली, लेकाकडून बापाकडं आली. इंजन धडधडतच होतं. शेवटी तो खाली उतरला.

"काय झालं? कुछ बिगडा क्या?"

"नाई. दम खाऊन राह्यली," खेमसिंग म्हणाला.

"कौन?"

"गाडी. चालता चालता जनावर एकाएकी थांबवलं का छाती भरते त्याची. थोडं उभं राहून श्वास घेऊ द्यावं लागते."

"कितनी बार खाती है दम?"

"चार कोसाले एक बार. अन् चढ लागला त चढाच्या खाली एक अन् वर एक."

गफूर मिस्त्री तरातरा गाडीकडं गेला. त्यानं आत वाकून चावी फिरवली. इंजन बंद पडलं आणि एकदम एवढं शांत झालं, की वडावरचे होले ऐकू येऊ लागले. धरमसिंगाच्या तोंडावरचा रंग उतरला, जणू कुणी बसल्या बैलाला लाथ मारली.

मिस्त्री दात-ओठ खात आत जाऊन बसला. पण अजून व्हायचं बाकी होतं. टेकडीच्या माथ्यावर जिथं पांढऱ्या ठिपक्यांच्या दगडांची रास रस्त्याच्या कडेला पडलेली असते, तिथं खेमसिंगानं पुन्हा गाडी थांबवली. बापलेक उतरले आणि मागच्या हौद्यात दगड भरू लागले. एक-दोन नाही. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलायचा असा, आणि म्हातारा सत्तरीचा असून वाकून वाकून उचलत होता.

"ये क्या है?" मिस्त्रीनं विचारलं.

"कुठं काय? काही नाई," खेमसिंग म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"तूने बोला था आते वखत खाली आता हूं."

"खालीच त हाये. माल कुठं हाये? हे त दगडं हायेत."

गफूर मिस्त्री त्याच दगडांच्या राशीवर बसला. आधी हसला, मग त्याला हसू आवरेना, मग खोकला आला. खोकला थांबल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "अरे बाबा. पेट्रोल को क्या मालूम के ये माल नहीं है?"

खेमसिंग दोन्ही हातांत दगड धरून उभा राहिला.  दिवाळीपासून पंचवीस खेपा झाल्या असतील. पंचवीस वेळा त्यानं ही टेकडी आणि पुढचे सगळे मैल दहा-बारा मण दगड वाहून नेले होते, आणि प्लग, चोक, गोळ्या, लिंबू, सगळ्यांवर संशय घेतला होता, पण दगडांचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. कारण दगड हे ओझं नव्हतंच. तो नेम होता. त्यांच्या घरात रिकाम्या पाठीचं जनावर कुणी घरी आणत नसे. परतीला माल नसला तर मीठ घ्या, माती घ्या, दगड घ्या, पण पाठ रिकामी नको. ते दगड तांड्यावर त्यांच्या संताच्या, सेवाभायाच्या, देवळाला ओटा बांधायला जात. त्याला स्वतःचा एवढा राग आला की हातातला दगड पायावर टाकून घ्यावासा वाटला.

"बा," तो म्हणाला, "दगडं उतरव."

धरमसिंगानं न ऐकल्यासारखं करून आणखी एक दगड आत टाकला.

"बा, दगडांपाई पेट्रोल सरते. पाटील आपल्याले चोर म्हंते, तुले ऐकू नाही आलं काय बाजारात?"

"आलं ना." म्हातारा कंबर धरून उभा राहिला. "माह्या मोठ्या काकानं एका सालाले बैलं रिकामी आनली होती. शंभर बैल. तो म्हने, थकली बैलं, चालू द्या मोकळी. पोळा आला नाही तोवर खुरीच्या रोगानं अर्धी मेली. रिकाम्या पाठीवर दुसरंच काही बसून येते, खेमा. ते दिसत नाही."

"हे बैल नाई ना, बा. हे लोखंड हाये."

"मंग लिंबू कायले बांधलं तू?"

लिंबू समोर लोंबतच होतं. खेमसिंगानं डोळे मिटले. एका बाजूला चोराचं नाव, दुसऱ्या बाजूला बाप, आणि मधे रस्त्यावर एक मिस्त्री हसून हसून लाल झालेला. त्या दिवशी दगड होते तेवढे घेऊनच ते निघाले. दिग्रसला मिस्त्री उतरला, तेव्हा खिडकीतून म्हणाला, "पेट्रोल भी तेरा, बाप भी तेरा. मैं क्या बोलूं." पिकप त्याही दिवशी तांड्याच्या वळणावर शेवटची उचकी देऊन थांबली. दगड नेहमीसारखे तिथंच उतरले, म्हणून बाजारात त्यांचं कुणाला नखही दिसत नसे.

गुरुवारी नानाजी आले. पुंडलिकरावांचे हे मेहुणे वजनानं दोन पोती कापूस भरतील एवढे. त्यांना मधे बसवावं लागलं, कारण दाराकडं बसले तर दार लागत नव्हतं. धरमसिंग दाराला चिकटून अर्ध्या मांडीवर बसला. नानाजींच्या हातात खुणा केलेली निंबाची काडी होती. प्रत्येक गावात गाडी थांबवायची, टाकीत काडी बुडवायची, ओली काडी डोळ्यांजवळ धरायची, हुंगायची आणि "हं" म्हणायचं. दारव्ह्याला हं, दिग्रसला हं. मधल्या वेळात ते भजी खात आणि घोरत. खेमसिंगानं चार कोसांवरचा दम बंद केला होता. चढाच्या खाली न थांबता तो सरळ वर गेला, तेव्हा धरमसिंगानं डॅशबोर्डवर हात ठेवला आणि माथा येईपर्यंत काढला नाही.

परतीला टेकडीचा माथा आला. दगडांची रास आली. खेमसिंगाचा पाय आपोआप ब्रेककडं गेला, त्यानं तो मागं घेतला.

"थांबव," धरमसिंग म्हणाला.

"बा, आज नको. आजच्या दिस नको."

"थांबव म्हंतो ना."

खेमसिंगानं गाडी थांबवली आणि चिडून इंजन बंद केलं, तशी नानाजींची झोप चाळवली. म्हातारा उतरला. दगडांच्या राशीपाशी जाऊन उभा राहिला. एकाला त्यानं पायानं हलवलं. मग मागं वळला, हौद्याच्या फळीला धरून गुडघा वर टाकायचा प्रयत्न केला, जमला नाही, पुन्हा केला. आत जाऊन बरोबर मधोमध मांडी घालून बसला आणि पागोट्याचा पदर कानांवरून बांधून घेतला.

"चाल," तो म्हणाला. "पाठ रिकामी नाई आता."

"थंडी मरनाची हाये, बा. आत बस."

"मंग दगडं टाक."

खेमसिंग खाली उतरला. म्हाताऱ्यावर ओरडावं का त्याच्या पाया पडावं, हेच त्याला कळेना. शेवटी त्यानं आपलं घोंगडं हौद्यात फेकलं आणि चाकावर जाऊन बसला. पुढचे सगळे मैल त्यानं मागं पाहिलं नाही. वारा सुटला होता, माघातला, हाडात शिरणारा. नानाजी त्याच्या खांद्यावर मान टाकून घोरत होते. एका उबदार माणसाचं ओझं आत आणि बापाचं बाहेर, हे काही बरोबर नव्हतं, आणि ते त्याला प्रत्येक खड्ड्याला कळत होतं.

बोरीला पोचले तेव्हा दिवस बुडायचा होता. पाटील निंबाखाली वाटच पाहत होते. त्यांनी स्वतः टाकीत काडी घातली, वर काढली. काडी चार बोटं ओली होती.

खेमसिंगाला वाटलं, संपलं. आता तरी संपलं.

पाटलांनी काडी सगळ्यांना दाखवली. "पाहा," ते म्हणाले. "राखनदार बसवला त पुरलं, वरतं चार बोटं उरलं. म्हंजे आजलोक कोन पेत होतं?"

खेमसिंगाला आधी कळलंच नाही. मग कळलं. कमी पडलं तर चोर, उरलं तर आणखीनच चोर. देवानं तरी यातून कसं सुटावं?

"पाटील..." तो म्हणू लागला.

तेवढ्यात हौद्यात घोंगडं हललं. धरमसिंगाचे पाय बधिर झाले होते. त्याला दोघांनी धरून खाली उतरवलं. उभं राहता येईपर्यंत त्यानं पाटलांचाच खांदा धरला, आणि पाटलांना झटकता आला नाही.

"चला तांड्यावर," तो म्हणाला. "तुमचं पेट्रोल तठी हाये. दाखवतो."

चोरीचा माल दाखवतो म्हटल्यावर कोण मागं राहील? पाटील पिकपमध्ये बसले, नानाजी बसले, मागं दहा-बारा माणसं चढली. तांड्यावर सेवाभायाचं छोटं देऊळ होतं, पांढरं निशाण लावलेलं. त्याच्याभोवती छातीएवढा ओटा उठला होता, तीन बाजूंनी पुरा, चौथ्या बाजूनं अर्धा. सगळा दगड पांढऱ्या ठिपक्यांचा.

"हे," धरमसिंग म्हणाला.

पाटलांनी ओट्याभोवती एक चक्कर मारली. बोरीच्या काळ्या मातीत असला दगड औषधालाही सापडत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. नानाजींनी वाकून एका दगडावर नख घासलं. "टेकडीवरचा हाये," ते पुटपुटले. "म्हातारा आज तठीच उतरला होता. भरला मात्र एकही नाही."

"कायले आनले एवढे?" पाटलांनी विचारलं.

"पाठ रिकामी नको म्हनून. दर खेपेले आनले."

पाटील ओट्याकडून म्हाताऱ्याकडं वळले. "येडे हात का गा तुमी? माह्या पेट्रोलवर दगडं वाह्यले?"

"येडे म्हना," म्हातारा म्हणाला. "येड्याचा राग नाई."

कुणी हसलं नाही. रुपीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पाटलांपुढं धरून म्हणाली, "घ्या. का हेही काडी बुडवून पाह्यता?"

पाटील पाणी प्याले. खेमसिंग आता त्यांच्यासमोर आला. त्याचा आवाज वाटला होता त्यापेक्षा हळू निघाला. "चूक आमची हाये, पाटील. दगडाचं वजन ध्यानात नाही आलं, कबूल. पन चोर तुमी बाजारात म्हटलं. बाजारातच वापस घ्या. नाहीत लॉरीवाल्याले बलवा, मी उद्यापासून येत नाई."

पाटलांनी तांब्या रुपीबाईच्या हातात दिला, धोतराचा सोगा झटकला आणि चालत बोरीकडं निघाले. पिकपमध्ये बसले नाहीत. रात्रभर खेमसिंगानं कूस बदलली, आणि बाप शेजारी पाय शेकत, कण्हत पडला होता.

दुसरा दिवस बाजाराचा, आणि कापूस साठला म्हणून या आठवड्यात जादा खेपेचा. खेमसिंग जाणार नव्हता. रुपीबाईनं त्याला उठवलं. "नाही गेला त लोक म्हनतीन, पळाला." म्हणून तो गेला. बापही लंगडत आला.

कापूस भरून झाला. मिरचीवाल्या बाया होत्या, तेलाच्या दुकानात नेहमीची माणसं होती, सगळे पाहत होते. पाटील पेट्रोलचे दोन डबे घेऊन आले. नानाजी काडी घेऊन पिकपकडं निघाले, तेव्हा पाटील त्यांच्यावर वसकले, "तुमी कुठं निघाले? घरी काही काम नाही काय?"

मग पाटलांनी एक डबा जमिनीवर ठेवला. दुसरा दोन्ही हातांनी उचलला. नरसाळं स्वतः न लावता, बाजारादेखत, तो खेमसिंगापुढं धरला. त्यांचं तोंड अजून तिखटच होतं.

"ओत," ते म्हणाले. "सांडवू नको."

डबा जड होता. खेमसिंगानं तो घेतला, नरसाळं लावलं आणि ओतला. एक थेंब खाली पडला नाही. मग दुसरा डबा उचलला, त्यातलं ओतलं, थांबला, नानाजींकडून काडी मागून घेऊन टाकीत बुडवली, पाहिली. डब्यात चार बोटं पेट्रोल उरलं होतं, काल टाकीत उरलं होतं तेवढंच. त्यानं झाकण घट्ट लावलं आणि डबा पाटलांच्या पायांपाशी नेऊन ठेवला.

"एवढं पुरते," तो म्हणाला.

धरमसिंग आत बसला होता, दाराशी, पूर्ण मांडीवर. परतीला तो पुन्हा मागं जाऊन बसणार होता, हे खेमसिंगाला माहीत होतं. म्हणून त्यानं आज दोन घोंगडी घेतली होती.